रेखाटलेला क्विल्ट ब्लॉक शिवल्यावर मापात का बसत नाही?

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, आणि ब्लॉक म्हणजे तिचा एक चौकोन. स्क्रीनवर त्याचं सगळं जुळलेलं असतं. चौकोनाला चौकोन चिकटलेला, ताऱ्याची टोकं बरोबर कडेला टेकलेली, मापाच्या रकान्यात बारा बाय बारा इंच. मग प्रिंट काढायची, कापड कापायचं, शिवायचं, इस्त्री करायची आणि फूटपट्टी लावली की ब्लॉक साडेअकरा भरतो. शेजारच्या ब्लॉकशी तो जुळत नाही आणि टोकं शिलाईत गडप झालेली असतात. पुढचा नमुना काढला की पुन्हा तेच. ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे नमुने करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि बहुतेक जण एकच उपाय करतात: फाइल थोडी मोठी करून पुन्हा प्रिंट मारायची. कधी तरी तो योगायोगाने लागू पडतो. एरवी मूळ चूक तशीच राहते, वर तिच्यावर दुसरी चढते.

चुका अनेक असल्या तरी त्यांचे प्रकार दोनच आहेत आणि ते ओळखायला पाच मिनिटं लागतात. म्हणून फाइलला हात लावण्याआधी मोजायला बसा.

आधी कागद मोजा, कापड नंतर

कापड ताणतं, इस्त्रीने सरकतं, त्यामुळे निदान कापडावरून करू नका. प्रिंट काढलेला कागद घ्या. त्यावरची दोन मापं निवडा, एक लहान आणि एक मोठं. समजा फाइलमध्ये एक कड २ इंचांची आहे आणि दुसरी ८ इंचांची. मिलिमीटरमध्ये ती ५०.८ आणि २०३.२ होतात. चांगल्या धातूच्या पट्टीने दोन्ही कडा कागदावर मोजा आणि लिहून ठेवा.

आता बघा. लहान कड ४९.३ आणि मोठी १९७.१ आली, तर दोन्ही तीन टक्क्यांनी कमी आहेत. लहान कडेत दीड मिलिमीटर गेला आणि मोठीत सहा. ही गुणाकाराची चूक. कुठे तरी अख्खं चित्र एका प्रमाणात आक्रसलं आहे. पण लहान कड ४९.८ आणि मोठी २०२.२ आली, तर दोन्हीत एकेकच मिलिमीटर गेला आहे. ही बेरजेची चूक. चित्राचं प्रमाण ठीक आहे, प्रत्येक आकाराच्या कडेवर काही तरी ठरावीक वाढलं किंवा घटलं आहे. आणि दोन्ही मापं चोख आली, तर कागदापर्यंत सगळं बरोबर आहे. दोष मायेत (शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जादा कापडात), कापण्यात किंवा शिलाईत शोधायचा.

हे मोजमाप आडवं आणि उभं, दोन्ही दिशांनी करा. काही प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने किंचित कमी-जास्त छापतात. एका दिशेला बरोबर आणि दुसऱ्या दिशेला चूक असेल तर फाइल निर्दोष आहे, उगाच तिच्यात फेरफार करू नका.

बरेच जण नमुन्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा तपासणी चौकोन ठेवतात. कल्पना चांगली, पण चौकोन फार लहान. तीन टक्क्यांची चूक एका इंचात पाऊण मिलिमीटरच दिसते, आणि छापलेल्या रेघेच्या जाडीतच ती लपून जाते. कागदावर मावेल तेवढी मोठी खूण ठेवा: पाच इंचांची एक आडवी रेघ आणि पाच इंचांची एक उभी. तिथे तीन टक्के म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटर, डोळ्यांना लगेच कळतात.

गुणाकाराची चूक: आलेल्या मापाला हव्या मापाने भागा

भागाकार आला की दोष कुठला ते बऱ्याचदा त्या आकड्यावरूनच कळतं.

०.९७ च्या आसपास आलं तर प्रिंटच्या खिडकीत जा. तिथे 'फिट' किंवा 'श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस' निवडलेलं सापडेल. अनेक प्रोग्राम हे आपण होऊनच निवडतात, कारण पत्र किंवा अहवाल छापणाऱ्याला कडा कापल्या न जाणं महत्त्वाचं असतं. आपल्याला 'अ‍ॅक्च्युअल साइझ' किंवा १०० टक्के हवं. लेटर आकाराची फाइल ए४ कागदावर 'फिट' करून छापली तरी ०.९७ च येतं, कारण लेटरची रुंदी २१६ मिलिमीटर आणि ए४ ची २१०. उलट ए४ ची फाइल लेटरवर बसवली की उंची आड येते, २९७ ऐवजी २७९, आणि चित्र ०.९४ वर उतरतं. पीडीएफ ब्राउझरमधून किंवा फोनवरून थेट छापू नका. तिथे मापाची निवड खोल कुठे तरी दडलेली असते, काही ठिकाणी नसतेच.

०.७५ आलं तर प्रिंटर निर्दोष आहे. एसव्हीजी फाइल, म्हणजे रेघांच्या चित्राची फाइल, एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना हा घोटाळा होतो. इलस्ट्रेटर आणि इंकस्केप हे दोन रेखाटनाचे प्रोग्राम घ्या: इलस्ट्रेटर एका इंचाचे ७२ भाग धरतो, इंकस्केप ९६ पिक्सेल. फाइलमध्ये आकडे नुसते, एककाशिवाय लिहिलेले असतील तर ७२ च्या हिशोबाने काढलेला इंच ९६ च्या हिशोबात पाऊण इंच होतो. बारा इंचांचा ब्लॉक नऊचा होऊन उघडतो. उलट्या प्रवासात तो १.३३ पट होतो, बाराचे सोळा. म्हणून दोन प्रोग्राममध्ये देवाणघेवाण करायची असेल तर पीडीएफने करा. पीडीएफमध्ये इंचाचे ७२ पॉइंट ही व्याख्याच ठरलेली आहे, अर्थ लावायला जागा नाही.

०.९३७५ हा आकडा जुन्या फाइलींचा. इंकस्केपची ०.९२ ही आवृत्ती २०१७ मध्ये आली तेव्हा इंचाला ९० पिक्सेल ही जुनी मोजणी सोडून ९६ ची घेतली गेली. त्याआधी जतन केलेली फाइल नव्या आवृत्तीत उघडली की सहा इंचांचा ब्लॉक ५ ५/८ इंचांचा होऊ शकतो. जुनी फाइल उघडताना प्रोग्राम त्याबद्दल विचारतो, पण ती खिडकी न वाचता बंद करण्याची सवय सगळ्यांना असते. तिथे थांबा, आणि आपल्याला छापील माप महत्त्वाचं आहे हा पर्याय निवडा.

०.९३७५ आणि ०.९४ हे आकडे इतके जवळ आहेत की सहा इंचांच्या तुकड्यावर पट्टीने फरक कळणार नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे तो. तेव्हा कागद बाजूला ठेवून स्क्रीनवर तो चौकोन निवडा आणि मापाचा रकाना वाचा. तिथेच ५.६२५ दिसत असेल तर फाइल जुनी आहे. तिथे ६ असेल तर छपाईत घट झाली.

पिक्सेलच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे क्रिता किंवा गिंपसारख्या ठिकाणी काम करत असाल तर प्रमाण कुठलंही येऊ शकतं, कारण तिथे चित्राला स्वतःचं असं इंचाचं माप नसतं. पिक्सेल असतात आणि एका इंचात किती बसवायचे याची वेगळी नोंद असते. बारा इंच आणि ३०० चं रिझोल्यूशन म्हणजे ३६०० पिक्सेल. तेच चित्र दुसऱ्या प्रोग्रामने ७२ धरून उघडलं की ५० इंच होतं. माझं मत स्पष्ट आहे: रंगांची जुळवाजुळव आणि कल्पनेची खरड तिथे खुशाल करा, पण ज्यावरून कापड कापायचं तो साचा वेक्टरमध्येच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि त्यांची मापं साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, काढा. इंकस्केप मोफत आहे आणि या कामाला पुरेसं आहे.

बेरजेची चूक: रेघेची जाडी

इंकस्केप एखाद्या आकाराचं माप दाखवताना, सेटिंग बदललं नसेल तर, रेघेच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतं. रेघ एक मिलिमीटर जाड ठेवून तुम्ही रुंदीत सहा इंच टाइप केले, तर रेघेसकट सहा इंच होतात. रेघेचा मध्य, म्हणजे खरा भौमितिक आकार, १५२.४ ऐवजी १५१.४ मिलिमीटरचा होतो. एका तुकड्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण आठ तुकड्यांची ओळ शिवली की आठ मिलिमीटर गेले, आणि मग कडेची पट्टी ओळीपेक्षा लांब का निघाली याचा शोध सुरू होतो.

उपाय एकदाच करायचा आहे. प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या भागात बाउंडिंग बॉक्सची, म्हणजे आकाराभोवतीच्या मापाच्या चौकटीची, निवड असते; 'व्हिज्युअल' काढून 'जिऑमेट्रिक' करा. याशिवाय साच्याच्या रेघा बारीक ठेवा, ०.१ ते ०.२ मिलिमीटर. जाड रेघ डोळ्यांना बरी वाटते, पण कात्री तिच्या आत चालवायची, बाहेर की मधून, हा प्रश्न प्रत्येक तुकड्याला नव्याने पडतो.

त्याच जातीची आणखी एक बारीक चूक म्हणजे पाव इंच माया ६ मिलिमीटर धरणं. खरी ती ६.३५ आहे. साचा ६ च्या हिशोबाने कापला आणि शिवण मशीनच्या पाव इंचाच्या पायाने (कापड दाबून धरणाऱ्या भागाने) घातली, तर प्रत्येक तुकडा ०.७ मिलिमीटरने लहान येतो. इंच असतील तर सगळीकडे इंच ठेवा, मिलिमीटर असतील तर सगळीकडे मिलिमीटर. इंकस्केपचे रकाने '६ इंच' असं एककासकट टाइप केलेलं घेतात, इतकंच काय बारा भागिले पाच असा हिशोबही तिथल्या तिथे करतात, त्यामुळे डोक्यात रूपांतर करण्याची गरजच नाही.

माया चित्रात कधी धरायची

सगळ्यात जास्त कापड वाया जातं ते इथे.

ब्लॉक नेहमी तयार मापात काढा, म्हणजे शिवून झाल्यावर दिसेल त्या मापात, मायेशिवाय. माया ही शेवटची पायरी. प्रत्येक तुकडा वेगळा करून, त्याच्या भोवती पाव इंच वाढवून साचा बनवायचा. काही जण घाईने सुरुवातीपासूनच माया धरून चौकोन काढतात आणि मग ते एकमेकांना चिकटवतात. मग चित्रावरून तयार ब्लॉक केवढा होईल हे सांगताच येत नाही.

मायेसकट साचा जतन करून ठेवला की दुसरा धोका उभा राहतो. बारा इंचांचा नऊ तुकड्यांचा ब्लॉक घ्या, तीन बाय तीन. प्रत्येक तुकडा तयार मापाने ४ इंच, कापायचं माप साडेचार. आता तोच ब्लॉक नऊ इंचांचा हवा म्हणून अख्खी साच्याची फाइल ७५ टक्क्यांवर आणली. तुकडा ३.३७५ इंचांचा झाला. म्हणजे मायाही आक्रसली, पाव इंचाची ३/१६ झाली. पण मशीनचा पाय पाव इंचच शिवतो. दोन्ही बाजूंनी पाव-पाव गेल्यावर तुकडा २.८७५ उरतो आणि तीन तुकड्यांची ओळ ८.६२५ इंच भरते. नऊला ३/८ इंच कमी.

एवढ्यावरच थांबलं असतं तर ब्लॉक थोडा लहान म्हणून चालवून घेता आला असता. पण त्याच नमुन्यात खाली बारा इंचांची एक सलग पट्टी असेल, तर ती साडेबारावरून ९.३७५ वर येते आणि शिवल्यावर ८.८७५ उरते. वर तीन तुकड्यांची ओळ ८.६२५, खाली पट्टी ८.८७५. दोघींत पाव इंचाचा फरक. ज्या ओळीत जास्त शिवणी, ती जास्त आखडते. तुमच्या ब्लॉकमध्ये बारीक तुकड्यांच्या ओळी सलग पट्ट्यांना पुरत नसतील, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. लहान-मोठं करायचं ते मायेशिवायच्या मूळ चित्राला, आणि माया नंतर नव्याने लावायची. म्हणून दोन फाइली ठेवा: एक चित्राची, एक साच्यांची. साच्यांची फाइल टाकाऊ समजा, माप बदललं की नवी बनवा.

त्रिकोणांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण चौकोनाचा हिशोब त्रिकोणाला लावण्याची चूक सॉफ्टवेअर वापरणारेही करतात. चौकोनाला अर्धा इंच वाढवला की काम झालं, दोन्ही बाजूंना पाव-पाव. म्हणून तीन इंचांच्या त्रिकोणासाठी साडेतीनचा चौकोन काढून तिरका कापला जातो. पण तिरक्या कडेलाही माया लागते, आणि ती कुठूनच आलेली नसते. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही कडांना पाव इंच बाहेर सरकवलं की काटकोनाची प्रत्येक बाजू ०.८५४ इंचाने वाढते. तो आकडा सोयीसाठी वर नेऊन ७/८ इंच धरतात, म्हणजे सात सूत. तीन इंचांच्या त्रिकोणाला ३ ७/८ चा चौकोन, एकदा तिरका कापलेला. चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असतील तर वाढ सव्वा इंच. साडेतीनच्या चौकोनातून निघालेला त्रिकोण शिवल्यावर २.६५ इंच भरतो आणि तारा दोन्ही बाजूंनी आखडतो.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा हिशोब पाठ करण्याची गरज नाही. मायेशिवायचा त्रिकोण काढा आणि प्रोग्रामला त्याच्या भोवती पाव इंच वाढवायला सांगा. इलस्ट्रेटरमध्ये 'ऑफसेट पाथ' आहे. इंकस्केपमध्ये 'आउटसेट' आहे, पण त्याचं पाऊल मुळात अगदी लहान असतं. एकदा दाबून झालं आणि काहीच वाढलं नाही असं वाटतं ते त्यामुळे. पाव इंच म्हणजे २४ पिक्सेल, ते प्रेफरन्सेसमध्ये नोंदवावं लागतं. मला त्यापेक्षा सरळ वाटतो तो मार्ग असा: तुकड्याच्या रेघेची जाडी अर्धा इंच करा. रेघ मध्यावर बसत असल्याने पाव इंच आत जाते आणि पाव इंच बाहेर. मग 'स्ट्रोक टू पाथ', मग 'ब्रेक अपार्ट', आणि आतला आकार काढून टाका. बाहेरचा उरला तो कापायचा साचा. मूळ तुकड्याची एक प्रत आधीच बाजूला ठेवलेली असू द्या, शिलाईची रेघ म्हणून तीच साच्यात ठिपक्यांनी दाखवायची. टाचणीने टोकांवर खुणा करणाऱ्यांना ती रेघ फार उपयोगी पडते.

टोकं का गायब होतात

लांब, निमुळती टोकं असलेल्या ताऱ्यांमध्ये ही तक्रार ठरलेली. कागद बरोबर, माया बरोबर, तरी टोक शिलाईत जातं किंवा उसवतं.

साच्याच्या टोकावर स्क्रीन खूप मोठी करून बघा. कोपरा अणकुचीदार असायच्या जागी आडवा छाटलेला दिसेल, नाही तर गोल. गोल असेल तर रेघेच्या जोडाची निवड 'राउंड' आहे, ती 'माइटर', म्हणजे अणकुचीदार, करा. माइटर असूनही छाटलेला असेल तर 'माइटर लिमिट' नावाचा आकडा बघा. तो ४ असतो, आणि ४ चा अर्थ असा की साधारण २९ अंशांपेक्षा निमुळता कोपरा आला की प्रोग्राम टोक काढायचं सोडून सरळ छाटतो. ४५ अंशांच्या त्रिकोणात हे कधीच होत नाही, म्हणून साध्या ब्लॉकवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही त्याचा पत्ता नसतो. पहिल्यांदा वीस-बावीस अंशांचं टोक काढलं की तो समोर येतो.

छाटणी नेमकी किती जवळून होते ते समजून घ्या. २० अंशांच्या टोकावर शिलाईच्या बिंदूपासून कापायच्या कडेपर्यंत पाव इंच हवा. छाटलेल्या साच्यात तिथे सव्वा मिलिमीटरही उरत नाही. बाजूंची माया पूर्ण असते, म्हणून कापताना शंका येत नाही. पण अगदी टोकावर धाग्याला धरायला कापडच नसतं. लिमिट १० करा. साडेअकरा अंशांपर्यंतची टोकं अखंड येतील. टोक फार लांब निघून अडचणीचं वाटलं, तर शिलाईच्या बिंदूपासून पाव इंच सोडून तुम्ही स्वतः काटकोनात छाटा. ती छाटणी शेजारच्या तुकड्याशी कड जुळवायलाही कामाला येते.

ब्लॉक उलटा येतो

माप बरोबर आणि तारा डावीकडे फिरायच्या ऐवजी उजवीकडे फिरतोय, किंवा अक्षर उलटं आलंय, असं असेल तर तुम्ही कागदावर शिवण्याच्या पद्धतीने काम करत असाल. त्यात कापड कागदाच्या न छापलेल्या बाजूला असतं आणि टाके छापलेल्या बाजूने पडतात, त्यामुळे तयार ब्लॉक छापील चित्राचं आरशातलं रूप असतो. चिकटणाऱ्या कागदावरून लावलेल्या अ‍ॅप्लिकमध्येही (कापडावर कापडाचे आकार लावण्याच्या कामातही) तेच. साचा छापण्याआधी उलटवा. इंकस्केपमध्ये आकार निवडून 'एच' दाबलं की झालं. तुकड्यांचे क्रमांक मात्र उलटवल्यानंतर टाका, नाही तर ते आरशातून वाचावे लागतील. आणि या पद्धतीत माया प्रत्येक तुकड्याला लावायची नसते, एकत्र शिवायच्या गटाच्या बाहेरून एकदाच. प्रत्येक तुकड्याला लावली तर कागदावर रेघांचं जाळं होतं आणि कुठल्या रेघेवर टाका घालायचा ते कळत नाही.

माप बरोबर, पण फूटपट्टीवर सापडत नाही

बारा इंचांचा ब्लॉक पाच बाय पाचच्या जाळीवर काढला की एक घर २.४ इंचांचं होतं. स्क्रीनला त्याचं काही वाटत नाही. कटिंगच्या पट्टीवर मात्र अष्टमांशाच्या खुणा असतात, २.९ इंच कुठे कापणार? मग थोडं इकडे, थोडं तिकडे होतं आणि ओळी जुळत नाहीत. अस्वलाच्या पंजाचा ब्लॉक सातच्या जाळीवर बसतो. तो बारा इंचांत काढला तर घर १.७१४ इंचांचं येतं. सातच्या जाळीला ७, साडेदहा किंवा १४ इंच घ्या, पाचच्या जाळीला १० किंवा १५. तीनच्या, चारच्या आणि सहाच्या जाळीला बारा उत्तम.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ब्लॉक किती घरांचा ते ठरवा, मग एका घराचं सोपं माप, आणि त्यातून ब्लॉकचं माप निघू द्या. प्रोग्राममधली ग्रिड त्याच घराच्या मापाने लावा आणि स्नॅप, म्हणजे कोपरे जाळीला आपोआप चिकटवण्याची सोय, चालू ठेवा. नजरेने जुळवलेले दोन कोपरे मोठे करून पाहिले तर त्यांत फट किंवा चढ असतोच. रंग भरताना तो शेजारच्या तुकड्यात सांडायला लागला, तर अशीच एखादी फट कुठे तरी आहे.

शिवणीच्या नक्षीची, म्हणजे वरून घालायच्या सलग टाक्यांची रेघ काढत असाल तर तिथली नेहमीची तक्रार वेगळी. हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून 'ट्रेस' केलं, म्हणजे प्रोग्रामकडून गिरवून घेतलं, की एका रेघेच्या दोन होतात, कारण प्रोग्राम शाईच्या दोन्ही कडा धरतो. मशीन मग तीच वाट दोनदा शिवतं. इंकस्केपच्या नव्या आवृत्त्यांत मध्यरेषा ट्रेस करण्याचा पर्याय आहे. तरी गुंतागुंतीच्या नक्षीला मी पेन टूलने रेघ स्वतः गिरवण्याचाच सल्ला देईन. सुरुवात आणि शेवट कुठे करायचा हे त्यात आपल्या हातात राहतं.

एका कागदावर न मावणारे साचे

साडेबारा इंचांचा साचा ए४ वर मावत नाही आणि लेटरवरही नाही. फाइलचं पान कागदापेक्षा मोठं असेल तर बहुतेक प्रोग्राम गुपचूप ते लहान करून छापतात, आणि आपण पुन्हा गुणाकाराच्या चुकीत येऊन पडतो. पीडीएफ वाचकातली 'पोस्टर' छपाई निवडा, प्रमाण १०० टक्के ठेवा, पानं एकमेकांवर अर्धा इंच चढू द्या आणि कापायच्या खुणा चालू करा. पानं चिकटवून झाल्यावर फक्त बाजू मोजू नका, दोन्ही कर्ण मोजा. बारा इंचांच्या चौकोनाचे कर्ण सतरा इंचांना किंचित कमी आणि एकमेकांइतकेच असायला हवेत. बाजू बरोबर असूनही कर्णांत फरक आला तर पानं तिरकी चिकटली आहेत.

सगळं तपासलं, तरी ब्लॉक लहान

मग दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही. कापड शिवून माया एका बाजूला इस्त्री केली की घडीत एक-दोन धाग्यांची जाडी जाते, म्हणून नेमक्या पाव इंचाची शिवण थोडं जास्तच कापड खाते. शिवण १/३२ इंचाने रुंद असली तरी दर शिवणीला दोन्ही तुकड्यांचं मिळून १/१६ जातं. आठ तुकड्यांच्या ओळीत सात शिवणी, म्हणजे ७/१६ इंच. अर्ध्या इंचाला थोडंच कमी. इतकी घट दिसली की लोक पुन्हा फाइलकडे वळतात आणि बरोबर असलेला साचा मोठा करतात. तो मोठा करू नका.

दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, त्या लांबीच्या बाजूने एकमेकींना शिवा आणि इस्त्री करा. पूर्ण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी नेमकी एक इंच यायला हवी. मधली पट्टी एक इंचाला कमी असेल तर सुई एक घर उजवीकडे, कापडाच्या कडेकडे सरकवा आणि नव्या पट्ट्या शिवून पुन्हा मोजा. मशीनवर सुई सरकत नसेल तर पायाच्या शेजारी चिकटपट्टीची कड लावून तिला धरून शिवा. माप जुळलं की ती सुईची जागा त्या ब्लॉकच्या फाइलमध्ये, पाच इंचांच्या तपासणी रेघेच्या शेजारी टाइप करून ठेवा. उरलेले सगळे ब्लॉक त्याच जागेवर शिवायचे आहेत.